आईला वॉरफरिन चालू आहे आणि कुणीतरी सीबीडी ऑईल आणून दिलंय. कुणी कुणी हे घेऊ नये?

दुपारची_पाळी

आई ६८ वर्षांची. ११ वर्षांपूर्वी मायट्रल व्हॉल्व्ह बदलला, मेकॅनिकल आहे. शांत खोलीत तिच्या शेजारी बसलं की टिकटिक ऐकू येते. त्यामुळे रक्त पातळ ठेवणारं वॉरफरिन कायमचं. आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचा आकडा, जास्त म्हणजे रक्त जास्त पातळ) २.५ ते ३.५ च्या मध्ये ठेवायला सांगितलाय आणि गेली दोन वर्षं तो बिचारा तिथेच राहतोय.

दुखणं गुडघ्यांचं. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांना हात लावायचा नाही, रक्तस्रावाची भीती. पॅरासिटामॉलने भागत नाही. म्हणून माझ्या मामेभावाने प्रेमाने ही सीबीडीची, म्हणजे गांजाच्या झाडातल्या एका घटकाची, बाटली आणून दिली. ३० मिली, लेबलवर १००० मिग्रॅ सीबीडी, रात्री एक ड्रॉपर जिभेखाली. त्याचं म्हणणं, "आत्या, याने चढत नाही, नुसती वनस्पती आहे."

मला कळायच्या आधीच आईने सुरू केलं. आज नववा दिवस. झोप छान लागते म्हणते, गुडघ्यांचं मात्र "आहे तसंच आहे". बाटलीवर वॉरफरिनचा उल्लेख नाही. "डॉक्टरांचा सल्ला घ्या" एवढंच, तेही मुंगीएवढ्या अक्षरांत.

दुसरं म्हणजे, वहिनीला पाचवा महिना लागलाय. तिला रात्र रात्र झोप नाही, तर तीही विचारत होती की दोन थेंब घेऊ का. तिला मी तूर्त थांबवलंय, पण "का नाही" हे मला धड सांगता आलं नाही.

काउंटरमागून

आधी काम, मग गप्पा. आईंचा आयएनआर आजच काढा. तेल आज रात्री देऊ नका. वॉरफरिनची गोळी मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नका, अर्धीही करू नका. रिपोर्ट आणि ती बाटली दोन्ही घेऊन डॉक्टरांकडे जा. हिरड्यांतून रक्त, काळं शौच, लघवीला लालसर रंग, अचानक जोराचं डोकं दुखणं किंवा डोक्यावर पडणं यातलं काही असेल तर रिपोर्टची वाट न बघता तडक इमर्जन्सीत.

झालं? आता बसून बोलू. मी १९ वर्षं औषधाच्या काउंटरमागे उभा आहे आणि हाच प्रश्न वेगवेगळ्या गोळ्यांच्या नावांनी ऐकत आलोय.

लिव्हरमध्ये औषधं मोडीत काढणारे एन्झाइम असतात. वॉरफरिनचा जो जास्त जोरकस भाग आहे, तो मोडायचं काम मुख्यतः सीवायपी २सी९ नावाचा एन्झाइम करतो. सीबीडी त्याच्याच वाटेत आडवं बसतं. गोळी रोजची तेवढीच, पण रक्तात साठा वाढत जातो आणि आयएनआर वर सरकतो. २०१८ मध्ये अशा एका रुग्णाची नोंद प्रसिद्ध झाली. फिट्ससाठी सीबीडी सुरू केल्यावर आयएनआर ताळ्यावर ठेवायला त्याचं वॉरफरिन सुमारे ३० टक्क्यांनी कमी करावं लागलं. त्याचा डोस तुमच्या ड्रॉपरपेक्षा खूप मोठा होता, हे प्रामाणिकपणे सांगतो. पण ज्या औषधात 'पुरेसं' आणि 'जास्त' यांच्यामध्ये वीतभरही जागा नाही, तिथे मी "थोडंसंच आहे" यावर विसंबून राहणार नाही.

आणि एक गोष्ट, जी हमखास विसरली जाते. तेल बंद केलं म्हणजे प्रकरण मिटत नाही. नियमित घेतलं तर सीबीडी अंगातून निम्मं व्हायलाच ६० तासांच्या आसपास लागतात, म्हणजे पूर्ण उतरायला बारा-तेरा दिवस धरा. ते उतरत जाईल तसा आयएनआर खाली येईल. मधल्या काळात वॉरफरिन कमी केलेलं असेल आणि नंतर कुणी लक्ष दिलं नाही, तर मेकॅनिकल व्हॉल्व्हवर गुठळी धरायचा धोका. म्हणून तपासणी एकदा नाही, सलग काही वेळा.

वहिनींना स्पष्ट नाही म्हणा. गरोदरपणात आणि बाळ अंगावर पीत असताना सीबीडी घेऊ नये, असं अमेरिकेचं औषध नियामक एफडीए आणि ब्रिटनची फूड स्टँडर्ड्स एजन्सी दोघंही सांगतात. शिवाय बाटलीत नेमकं काय आहे हाही प्रश्नच. २०१७ मध्ये 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात एक तपासणी छापून आली होती. ऑनलाइन विकली जाणारी ८४ उत्पादनं तपासली, लेबलवरचा आकडा खरा निघाला फक्त २६ मध्ये. १८ मध्ये टीएचसी सापडलं, म्हणजे तेच जे चढतं. टीएचसी वार (प्लॅसेंटा) ओलांडून बाळापर्यंत जातं.

बाकी कुणी लांब राहावं? अवयव प्रत्यारोपण झालेले, हे माझ्या यादीत वॉरफरिनच्या बरोबरीने. नवा अवयव शरीराने नाकारू नये म्हणून देतात त्या टॅक्रोलिमसची रक्तातली पातळी सीबीडीने कित्येक पटींनी चढल्याची नोंद आहे, आणि ते औषध जास्त झालं की मूत्रपिंडावर येतं. फिट्सची औषधं घेणारे: क्लोबाझामपासून शरीरात जो सक्रिय घटक बनतो तो सीबीडीमुळे तिपटीपर्यंत वाढतो, माणूस दिवसभर पेंगतो. व्हॅल्प्रोएटबरोबर लिव्हरवर ताण. गुठळी होऊ नये म्हणून देतात त्या क्लोपिडोग्रेलचं गणित कागदावर तरी उलटं आहे, ते लिव्हरमध्ये 'जागं' व्हावं लागतं आणि सीबीडी तिथेच अडथळा आणू शकतं. झोपेच्या गोळ्या, ओपिऑइड (अफूच्या जातीची) वेदनाशामकं किंवा दारू चालू असेल तर गुंगीवर गुंगी. वयस्कर माणूस रात्री उठून पडला की खुबा गेलाच. ज्यांची नोकरीत किंवा खेळात ड्रग टेस्ट होते त्यांनी टीएचसी सापडलेली ती १८ उत्पादनं आठवावीत.

एक ठोकताळा देतो. ज्या गोळीच्या माहितीपत्रकात ग्रेपफ्रूट टाळा असं लिहिलंय, तिच्याबरोबर सीबीडी घ्यायच्या आधी विचारा. पण याच्या उलट धरू नका. वॉरफरिनच्या कागदावर तो शब्द सापडला नाही म्हणून ते सुरक्षित होत नाही.

फॅटी_पण_फिट

लिव्हरबद्दल माझ्याकडून भर. मला फॅटी लिव्हर आहे, ग्रेड १, कुणी फार गांभीर्याने न घेतलेलं. मी तरी कुठे घेतलं होतं. संध्याकाळी जीव घाबरा व्हायचा म्हणून सीबीडीच्या गमी सुरू केल्या. एक, मग दोन, मग मोजणं सोडून दिलं. सहा आठवड्यांनी दुसऱ्याच कारणासाठी रक्त तपासलं, तर एएलटी (लिव्हरला इजा झाली की वाढणारा आकडा) ४१ वरून १६८.

डॉक्टरांनी तीनदा विचारलं, "आणखी काय घेता?" तीनदा सांगितलं, "काही नाही." खोटं बोलत नव्हतो हो! गमी माझ्या डोक्यात औषधाच्या खात्यात नव्हतीच, गोळ्या-चॉकलेटच्या खात्यात होती. बंद केल्यावर पाच आठवड्यांत ५२ वर आलं. कारण तेच होतं हे कुणी शपथेवर सांगणार नाही, पण मी परत करून बघणार नाही.

हिरवापाला

लोक उगाच घाबरवतात. जागतिक आरोग्य संघटनेनेच सांगितलंय की सीबीडी सुरक्षित आहे, व्यसन लागत नाही. मी तीन वर्षं घेतोय, काही झालेलं नाही. या लोकांना फक्त कंपन्यांच्या गोळ्याच चालतात.

काउंटरमागून

व्यसनाचं तुम्ही म्हणता ते बरोबरच आहे, त्यावर माझा वाद नाही. पण त्याच अहवालात पुढे असंही आहे की जे दुष्परिणाम नोंदले गेले ते रुग्ण आधीपासून घेत असलेल्या औषधांशी सीबीडीची गाठ पडल्यामुळे असू शकतात. तुम्ही बाकी काय घेता? काहीच नाही? मग तुमच्या तीन वर्षांचा दुपारची_पाळी यांच्या आईंना काय उपयोग?

आणि गंमत बघा, शुद्ध सीबीडी हे स्वतःच 'कंपनीचं औषध' आहे. एपिडायोलेक्स नावाने २०१८ मध्ये एफडीएने ड्रॅव्हे आणि लेनॉक्स-गॅस्टॉ या फिट्सच्या दोन अवघड प्रकारांसाठी मान्य केलं. ते सुरू करण्याआधी एएलटी, एएसटी, बिलिरुबिन या लिव्हरच्या चाचण्या करतात, मग पहिल्या, तिसऱ्या, सहाव्या महिन्यात परत. तिळाची ॲलर्जी असलेल्यांना ते देत नाहीत, कारण त्यात तिळाचं तेल असतं. एवढी बडदास्त ज्याची डॉक्टर ठेवतात, तेच ड्रॉपरमध्ये भरलं की निरुपद्रवी कसं होईल?

ब्रिटनने २०२३ मध्ये निरोगी प्रौढांसाठी रोजची सुचवलेली मर्यादा ७० वरून १० मिग्रॅवर आणली, लिव्हर आणि थायरॉइडच्या काळजीपोटी. आईंची बाटली ३० मिलीत १००० म्हणजे एक मिलीचा ड्रॉपर धरला तर एका ड्रॉपरला ३३ मिग्रॅ. आणि त्या 'निरोगी' गटात आई बसतही नाहीत.

एक_डोळा_मिटून

काचबिंदूवाले राहिले. "गांजाने डोळ्याचा दाब उतरतो" ही ऐकीव गोष्ट धरून मी सीबीडी घेणार होते. डोळ्यांच्या डॉक्टर हसल्या नाहीत, उलट वैतागल्या. दाब तात्पुरता उतरवतं ते टीएचसी. सीबीडीने २०१८ मध्ये उंदरांच्या डोळ्यांतला दाब उलट वाढला होता. माझे थेंब रोज दोनदा, मुकाट्याने.

दुपारची_पाळी

सगळ्यांना उत्तर द्यायला वेळ लागला, माफ करा. आयएनआर ४.७ आला.

रक्तस्राव नाही. पण दंडावर रुपयापेक्षा मोठा काळानिळा डाग होता आणि तो तिने चार दिवस बाहीखाली लपवला होता. "दाराची कडी लागली असेल" म्हणे. डॉक्टर शांत होते, मीच हातपाय गाळून बसले होते. एक दिवसाची गोळी वगळली, तेल बंद, चार दिवसांनी परत आयएनआर. काउंटरमागून, तुमचं तेल उतरायचं गणित मी त्यांना विचारलं, तर ते म्हणाले, "हे कुणी सांगितलं? बरोबर आहे," आणि पुढच्या तीन आठवड्यांच्या तारखा लिहून दिल्या.

गुडघ्यांसाठी मांडीच्या स्नायूंचे व्यायाम दिलेत. पॅरासिटामॉल भरपूर आणि रोज घेतलं तर तेही आयएनआर चढवतं, हेही तिथेच कळलं, आता मोजून देते.

वहिनीला सांगितलं. तिला मुळात नाहीच म्हणायचं होतं, कुणीतरी ठामपणे सांगायला हवं होतं, एवढंच. मामेभाऊ रुसलाय. आई त्याला फोनवर समजावतेय की तुझा काही दोष नाही रे, आणि बाटली परत ने म्हणतेय. तीन आठवडे नेऊ देणार नाही, डॉक्टरांनी लेबलचा फोटो घेतलाय पण बाटली जपून ठेवा म्हणालेत.

गुरुवारी परत रक्त द्यायचंय. आकडा इथे टाकते.