आजा औंधचा, आजी विट्याची, पोरगी कोइंबतूरची, नागरिक कुठले?

गलाईवाला (आटपाडी, सध्या कोइंबतूर)
मंडळी, वडिलांपासून आमचं कोइंबतूरला गलाईचं, म्हणजे सोनं-चांदी गाळायचं दुकान. थोरली तिथंच जन्मली, २००७ ला. तिला इंजिनिअरिंगला महाराष्ट्रात घालायची म्हणून वय, राष्ट्रीयत्व आणि अधिवास दाखल्यासाठी सेतूत गेलो. खिडकीवरचा पोरगा म्हणाला, पंधरा वर्षं इथं राहिल्याचा पुरावा आणा. मी आधार पुढं केलं, तर हसला. घरी येऊन सांगितलं तर आजी म्हणते, "तुझा आजा पंतांच्या राज्यातला, मी विट्याची, इंग्रजाच्या." म्हणजे नवरा-बायको दोन राज्यांचे? मग आम्ही भारताचे नागरिक झालो कधी?

सेतूतलाच एक
दादा, हसायला नको होतं त्यानं. पण आधार ओळखीचा आणि पत्त्याचा कागद, नागरिकत्वाचा नाही, हे आधार कायद्यातच आहे. पोरीचा जन्मदाखला आणि तुमचा शाळा सोडल्याचा दाखला घेऊन या, मग बघू काय होतंय.

निवृत्त मास्तर, तासगाव
आजीचं बरोबर आहे. आपल्या सांगली जिल्ह्याचा १९४० सालचा नकाशा म्हणजे गोधडीच. सांगली, मिरज पटवर्धनांची, जत डफळ्यांचं, आटपाडी आणि कुंडल औंध संस्थानच्या पंतप्रतिनिधींचं. मधे आमचं तासगाव, विटा, वाळवा हा खालसा मुलूख, थेट इंग्रजांच्या सातारा जिल्ह्यातला. आजी जन्मानं ब्रिटिश प्रजा. आजोबा संस्थानी, म्हणजे कायद्यानं नुसते 'ब्रिटिश संरक्षित'. विट्याहून आटपाडीला सासरी जाताना आजी राज्य बदलून गेली, आणि ते कुणाच्या गावीही नसेल!

पण औंधची गंमत वेगळी. १९३९ साली बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी गांधीजींच्या सल्ल्यानं घटना करून आपली सत्ता लोकांच्या हाती दिली. पाया गावच्या पंचायतीचा. राजानं आपणहून असं केलेलं तुम्हाला फारसं सापडणार नाही. मला विचाराल तर नागरिकपणाचं मूळ इथं आहे: कारभारात आपला वाटा असणं. त्या अर्थानं आटपाडीकर आम्हा खालसावाल्यांच्या आधी नागरिक झाले. (तासगावकर असून हे कबूल करतोय, नोंद घ्यावी.)

१९४८ ला संस्थानं मुंबई प्रांतात विलीन झाली. घटना लागू झाली २६ जानेवारी १९५० ला, पण नागरिकत्वाची कलमं दोन महिने आधीच, २६ नोव्हेंबर १९४९ पासून अमलात होती. कलम ५ सोपं आहे. अधिवास भारतात आणि जन्मही भारतात, की झाला नागरिक. भारत म्हणताना त्यात औंधही आलं आणि विटाही. आजा-आजींचा प्रश्न तिथंच मिटला.

कोण आतला, कोण बाहेरचा, हे भांडण मात्र जुनं. प्राचीन ग्रीसच्या अथेन्समध्ये इ.स.पू. ४५१ ला पेरिक्लीस या पुढाऱ्यानं कायदा केला की आई-बाप दोघंही अथेन्सचे हवेत. पुढं त्याचे दोन मुलगे साथीत गेले, उरलेल्याची आई परगावची, तेव्हा त्यालाच सवलत मागावी लागली. रोमनं उलट केलं. इ.स. २१२ मध्ये कॅराकॅला बादशहानं साम्राज्यातल्या जवळपास सगळ्या स्वतंत्र माणसांना नागरिक केलं. डिओ हा त्या काळचा इतिहासकार म्हणतो, कर जास्त गोळा व्हावा म्हणून!

तुमच्या पोरीचं म्हणाल तर १९५५ चा नागरिकत्व कायदा. १ जुलै १९८७ च्या आधी भारतात जन्म झाला की पुरे होतं. मग आई-बापांपैकी एक नागरिक हवा, अशी अट आली. ३ डिसेंबर २००४ पासून त्यावर आणखी एक, दुसरा बेकायदा आलेला नसावा. तुम्ही दोघंही इथलेच, म्हणजे पोरीच्या नागरिकत्वाला धक्का नाही. आपल्याकडं राज्याचं वेगळं नागरिकत्वच नसतं. पंधरा वर्षांची अट राज्यानं सवलतींसाठी घातलेली, तिचा नागरिकत्वाशी संबंध नाही. एकाच दाखल्यात दोन्ही कोंबलंय, म्हणून सगळ्यांचा गोंधळ होतो.

गलाईवाला
मास्तर, आजीला वाचून दाखवलं. म्हणाली, पंचायतीच्या बैठकीला आजा जायचा, पण बायकांना कोण बोलवत होतं? अजून एक विचारतो. धाकटा भाऊ शारजाला असतोय, त्याला परवा तिथंच मुलगा झाला. तो कुठला?

निवृत्त मास्तर, तासगाव
आजीला नमस्कार सांगा, तिचा मुद्दा वर्मी लागला. पुतण्या तिथं जन्मला म्हणून तिथला होत नाही. वर्षाच्या आत भारतीय वाणिज्य दूतावासात जन्माची नोंद करा. दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही, असंही आई-बापांना लिहून द्यावं लागतं. वर्ष उलटलं तर केंद्र सरकारची परवानगी काढत बसावं लागेल, तेव्हा बारसं नंतर, नोंद आधी.