शाळेतला पाला जाळतात, आरओचं पाणी गटारात जातं. पालकांनी सुरुवात कुठून करावी?

इंदिरानगरची_आई
मुलीची शाळा नाशकातली, अनुदानित आहे, साधारण ९०० मुलं. पालकसभेत 'पर्यावरणपूरक शाळा' हा विषय निघाला आणि नेहमीप्रमाणे वृक्षारोपणावर येऊन थांबला. मैदानात चार मोठे पर्जन्यवृक्ष आधीच आहेत, त्यांचा पाला दर शनिवारी कोपऱ्यात जाळतात. पिण्याचं पाणी शुद्ध करणाऱ्या आरओ यंत्राचं टाकाऊ पाणी दिवसभर गटारात वाहतं. मुख्याध्यापक म्हणतात, लेखी द्या, खर्च सांगा. सात-आठ पालक वेळ द्यायला तयार आहोत, पैसा बेताचा.

खतमाती
आधी पाला. राष्ट्रीय हरित लवादाने २०१६ सालीच उघड्यावर कचरा जाळायला बंदी घालून ५ हजार रुपये दंड ठेवलाय, हे पत्रात वरच लिहा.

सामान फार नाही. १० फूट लांब, ४ फूट उंच वेल्डमेश जाळी गोल वळवून तारेनं बांधली की ३ फूट व्यासाचा पिंजरा होतो. तळाला काटक्या, मधोमध भोकं पाडलेला ४ इंची पीव्हीसी पाइप उभा. मग फूटभर पाला, त्यावर शेणकाला (१० लिटर पाण्यात २ किलो ताजं शेण आणि पावशेर गूळ), परत पाला. ढीग बसत जाईल तसा वरून भरत राहा. पंधरा दिवसांनी एकदा खालवर करा. पर्जन्यवृक्षाची पानं बारीक, तीन-चार महिन्यांत कुजतात. बदाम, आंबा, वडाची चिवट पानं आधी चुरली नाहीत तर वर्षभर तशीच दिसतात.

बिघडतं ते बहुतेक पाण्यामुळे. एप्रिल-मेमध्ये वरून ओला दिसणारा ढीग आतून ठणठणीत कोरडा असतो आणि कुजणं थांबतं. म्हणून तर मधला पाइप: पाणी त्यातून सोडायचं. आत हात घालून मूठभर पाला काढा आणि पिळा. एखादा थेंब आला तर ठीक, धार लागली तर जास्त झालं. पावसाळ्यात वर पत्रा टाका. मे महिन्याच्या सुट्टीत शाळेत कुणी नसतं, तेव्हा आठवड्यातून दोनदा पाणी घालायची पाळी पालकांनीच लावायची. देणगीपेक्षा याचा उपयोग जास्त.

नळजोड
आरओबद्दल. आधी टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा) आणा, काही शे रुपयांत मिळतो. नाशकात पालिकेचं पाणी मुख्यतः गंगापूर धरणाचं, त्यात क्षार कमी असतात, बोअरचं जड. शाळेच्या टाकीत दोन्ही मिसळत असतील तर वेगवेगळं मोजा. आकडा ५००च्या आत असेल तर आरओ कशाला? चांगला यूव्ही (अतिनील किरणांनी जंतू मारणारा) फिल्टर पुरतो आणि वाया जाणारं पाणी मुळातच थांबतं.

आरओ ठेवायचाच असेल तर शुद्ध आणि टाकाऊ अशा दोन्ही नळ्यांखाली दहा मिनिटं बादल्या लावा. एका लिटरमागे दोन-तीन लिटर बाहेर जाताना दिसेल. ते ५०० लिटरच्या झाकणाच्या टाकीत घ्या आणि फरशी, संडासाला वापरा. झाडांना रोज नको, माती खारावते. टाकी नळीच्या तोंडापेक्षा खाली हवी. या नळीला कॉक कधीच बसवू नका. चुकून बंद राहिला की सगळे क्षार मेम्ब्रेनवर (आरओच्या आतल्या गाळणाऱ्या पडद्यावर) बसतात आणि नवा मेम्ब्रेन घ्यावा लागतो. टाकीवर 'पिण्यासाठी नाही' असं मोठ्या अक्षरात लिहा आणि आठवड्यातून एकदा ती कोरडी करा, नाहीतर डासांची सोय झालीच.

सातपूरकर
गळके नळही बघा. सेकंदाला एक थेंब म्हणजे दिवसाला २० लिटरच्या आसपास. वायसर दहा-वीस रुपयांचा, पण बदलायला कुणी हात लावत नाही.

इंदिरानगरची_आई
खूप आभार. शिपाईमामांची मात्र हरकत आहे: ढिगात साप येतील आणि काम वाढेल. डब्यातलं उरलेलंही त्यातच टाकायचं का?

खतमाती
साप उंदरामागे येतो आणि उंदीर अन्नामागे. म्हणून पहिले सहा महिने पिंजऱ्यात फक्त पाला. उरलेलं अन्न तोवर घंटागाडीच्या ओल्या कचऱ्यात जाऊ द्या. पुढे घ्यायचंच झालं तर झाकणाच्या ड्रममध्ये, एका बादली अन्नाला तीन बादल्या कोरडा पाला. हे प्रमाण चुकलं की वास, अळ्या, आणि चौथ्या दिवशी कुणीतरी काडी लावतंच.

पिंजरे भिंतीला चिकटवू नका, चारही बाजूंनी झाडता आलं पाहिजे. मामांच्या कामाचं म्हणाल तर पिंजरा प्रत्येक झाडाखालीच ठेवा. आत्ता ते सगळा पाला ओढत कोपऱ्यात नेतात, तो फेरा वाचेल. हे त्यांना पत्र देण्याआधी दाखवा.

सातपूरकर
अनुदानित शाळा आहे ना? मग शाळा व्यवस्थापन समितीत ७५ टक्के पालक असतात. ठराव तिथून करून घ्या आणि सुट्टीतली पाळी व गेटची किल्ली कुणाकडे राहील हेही इतिवृत्तात लिहून घ्या. किल्लीवरून अडतं सगळं.