तिकाल गाळू नका
पाच दिवसांत ग्वाटेमाला करायचा तर तिकाल (जंगलातलं माया लोकांचं प्राचीन शहर) सोडून अँटिग्वा हे जुनं शहर आणि अकातेनांगो हा ज्वालामुखी एवढंच करा, असा सल्ला दिला गेलाय; तो मला अजिबात पटला नाही. अकातेनांगोवरून (३,९७६ मीटर) रात्री समोरचा फुएगो ज्वालामुखी धुमसताना बघणं भारीच, पण ग्वाटेमाला सिटीहून विमानाने फ्लोरेस तासाभरावर आहे. तिकालजवळच्या या गावात मुक्काम करा आणि पहाटेच तिकालला निघा. तिथलं मंदिर क्रमांक ४ सुमारे ६५ मीटर उंच. लाकडी जिन्याने वर पोचलं की धुक्यातून बाकीच्या मंदिरांचे नुसते माथे वर आलेले दिसतात, आणि खालच्या रानातून हाउलर माकडांच्या डरकाळ्या! वाटेतला सेइबा नक्की बघा. मायांचं हे पवित्र झाड म्हणजे आपली पांढरी सावर. फांद्या बांडगुळांसारख्या झुडपांनी लगडलेल्या. मी तर तिथून हलायलाच तयार नव्हते.