प्रीस्टलीने बेव्हनला जाब विचारला, चुकलं काय त्याचं?

बोरूबहाद्दर:
ब्रिटनमधल्या अणुबॉम्बविरोधी चळवळीबद्दल वाचतोय आणि एका ठिकाणी अडकलोय. ऑक्टोबर १९५७, ब्रायटनला लेबर पार्टीचं अधिवेशन, इतर देश काहीही करोत, ब्रिटनने एकतर्फी अण्वस्त्रांचा त्याग करावा असा ठराव, आणि पक्षातल्या डाव्यांना खात्री की लेबरचा भावी परराष्ट्रमंत्री मानला जाणारा अन्यूरिन बेव्हन आपल्याच बाजूने बोलणार. हाच तो खाणीत राबलेला, एनएचएस ही सरकारी आरोग्यसेवा उभी करणारा, यांच्या गळ्यातला ताईत. तर हा उठला आणि म्हणाला, असं केलंत तर ब्रिटनच्या परराष्ट्रमंत्र्याला वाटाघाटींच्या खोलीत नागडं पाठवाल. वर ठरावाला भावनेचा झटकाही म्हणाला. महिन्याभरात कादंबरीकार जे. बी. प्रीस्टलीने न्यू स्टेट्समनमध्ये लेख लिहिला, सुरुवातच अशी की या भाषणाने आमच्या तोंडावर दार आपटलं. मागणी सरळ होती, दुसरे सोडोत न सोडोत, ब्रिटनने बॉम्बचा नाद सोडावा, १९४० मध्ये हिटलरसमोर एकटे उभे राहिलो तसे आताही राहू. पत्रांचा पाऊस पडला आणि फेब्रुवारी १९५८ मध्ये सीएनडी ही अण्वस्त्रविरोधी संघटना सुरू झाली. मला प्रीस्टली शंभर टक्के पटतो. तुम्हाला?

तिरपागडा:
नाही पटत. लेखकाचं काय जातंय, लेख लिहायचा आणि झोपायचं. समोर रशियाचा ख्रुश्चेव्ह बसणार तो बेव्हनच्या, प्रीस्टलीच्या नाही! आणि ते नागडं वगैरे सगळे हसण्यावारी नेतात पण १९६३ मध्ये मॉस्कोत अणुचाचणीबंदीचा करार झाला तेव्हा सही करणारे मूळ देश तीनच, अमेरिका, रशिया आणि ब्रिटन. बॉम्ब नसता तर तिसरी खुर्ची कोणी दिली असती?

शिळी_भाकरी:
खुर्ची मिळाली हो, पण बॉम्ब टाकायचं साधन कोणाचं ते पण सांगा की. ब्लू स्ट्रीक हे स्वतःचं क्षेपणास्त्र १९६० मध्ये गुंडाळलं, मग अमेरिकेच्या स्कायबोल्ट क्षेपणास्त्रावर भिस्त ठेवली, ते अमेरिकेनेच १९६२ मध्ये रद्द केलं, मग पंतप्रधान मॅकमिलन बहामातल्या नासाऊला जाऊन अमेरिकेच्या केनेडीकडून पाणबुडीवरची पोलारिस क्षेपणास्त्रं मागून आले. याला स्वतंत्र अण्वस्त्र म्हणायचं? आजच्या ब्रिटिश पाणबुड्यांवरची ट्रायडंट क्षेपणास्त्रंसुद्धा अमेरिकेसोबतच्या सामाईक साठ्यातलीच आहेत. बेव्हनचा परराष्ट्रमंत्री नागडा नव्हता एवढंच, कोट उसना होता.

तिरपागडा:
उसना का असेना, थंडी तर वाजत नाही ना. युक्रेनने १९९४ मध्ये बुडापेस्टला मिळालेल्या सुरक्षेच्या लेखी हमीवर भरवसा ठेवून सोव्हिएत काळातली अण्वस्त्रं देऊन टाकली, पुढे काय झालं ते बघतोच आहोत.

बोरूबहाद्दर:
युक्रेनचं उदाहरण इथे बसत नाही, ती शस्त्रं चालवायचा ताबा मॉस्कोकडेच होता. आणि दक्षिण आफ्रिकेने स्वतः बनवलेले सहा बॉम्ब स्वतःच मोडले, त्यांना कोणी गिळलं का? बरं, एक गोष्ट कोणी बोलतच नाही. बेव्हनच्या भाषणानंतर आठवड्याभरात इंग्लंडमधल्या विंडस्केलच्या अणुभट्टीला, म्हणजे रिअ‍ॅक्टरला, आग लागली, बॉम्बसाठी प्लुटोनियम बनवणारा रिअ‍ॅक्टर होता तो, आणि आजूबाजूच्या गोठ्यांमधलं दूध कित्येक दिवस ओतून द्यावं लागलं. शत्रूने एकही बॉम्ब न टाकता. भावनेचा झटका कोणाला म्हणायचं मग?

कुंपणावरची:
मला दोघंही एकाच माळेचे मणी वाटतात. बेव्हनला वाटतं ब्रिटनकडे बॉम्ब आहे म्हणून जग ऐकेल, प्रीस्टलीला वाटतं ब्रिटनने बॉम्ब सोडला म्हणून जग ऐकेल, पण जग ब्रिटनकडे बघत बसलंय हे दोघांनीही धरूनच चाललंय. साम्राज्य गेलं, पीळ गेला नाही. सीएनडीच्या संस्थापकांपैकी एक असलेल्या इतिहासकार ए. जे. पी. टेलरनेच नंतर कबूल केलं की ब्रिटन अजून महासत्ता आहे असं धरून चाललो तिथेच आमचं चुकलं. १९४० चा दाखला तर मला अजिबात नाही आवडला, बॉम्ब नको म्हणायलाही युद्धाचीच शेखी मिरवायची!

शिळी_भाकरी:
कुंपणावरची, पटलं. पण लिहिताना वाचक कोण हे बघावं लागतं ना. १९४० मध्ये रेडिओवर प्रीस्टलीचाच आवाज घराघरात जायचा, त्यामुळे तो दाखला त्याच्या तोंडी शोभतो तरी. दुसऱ्या कोणी दिला असता तर मीही नाक मुरडलं असतं.

बोरूबहाद्दर:
तेच तर म्हणतोय. राजकारण्याला जे बोलायची सोय नसते ते लेखकाने बोलायचं. आणि लेख वाया नाही गेला, बेव्हन जुलै १९६० मध्ये वारला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात स्कारबरोच्या अधिवेशनात अण्वस्त्रांचा एकतर्फी त्याग करायचा ठराव लेबर पार्टीने पास केला.

तिरपागडा:
आणि १९६१ मध्ये ब्लॅकपूलला फिरवला, ते पण लिहा. १९६४ मध्ये लेबरचंच सरकार आलं, पंतप्रधान विल्सनने पोलारिस रद्द केलं का? पाणबुड्या बांधल्या, पहिली १९६७ मध्ये नौदलात आली.