खाडीतला चिखल, हवेच्या गादीचा बार्ज आणि पंख्याचा हट्ट

खाडीकर_ऐरोली: काल इथे एकाने लिहिलं: "बार्ज, म्हणजे माल वाहणारी सपाट नाव, हवेच्या गादीवर उचला, मागे दोन मोठे पंखे लावा, ठाणे खाडीच्या चिखलातून क्रेन आरामात जाईल. ओढणाऱ्या टग बोटी, तार गुंडाळून ओढणारे विंच, सगळं जुनाट." वाचून डोकं सणकलं. अहो, गादी उचलते, ढकलत नाही! शंभर टनांचं धूड वीस फुटांत एक फूट अशा चढावर न्यायचं तर निव्वळ वजनापोटी पाच टन ओढ लागते. पंख्याने ती काढायला हजारो हॉर्सपॉवर जाळा. १९७०च्या दशकात अलास्काच्या तेलवाहिनीसाठी युकॉन नदीवर १६० टन माल नेणारे असे बार्ज होते, ते तारेवर विंचने ओढले जात. पंखे तिथे मिळत नव्हते का?

पंखेवाला_ठाणे: तो 'एक' मीच. हवेच्या गादीवरच चालणाऱ्या एसआर-एन४ हॉवरक्राफ्टने १९६८ ते २००० इंग्लिश खाडी पंख्यांवरच ओलांडली, पोटात मोटारी घेऊन. तेव्हा तुमचा हिशेब रजेवर होता का?

खाडीकर_ऐरोली: चार टर्बाइन, प्रत्येकी ३,४०० हॉर्सपॉवर! ती झपाट्याने धावणारी फेरी. तुमची क्रेन इंग्लंडचं डोव्हर बंदर गाठायला निघालीय का?

दिवाळे_कोळीवाडा: दोघेही शहाणे. खाडीत आडवी तार टाकलीत तर आमच्या होड्या कुठून जाणार? जाळी अडकली तर भरपाई कोण देणार? आणि टगचं म्हणाल तर ओहोटीला तोच आधी चिखलात बसेल.

सीवूड्स_निवृत्त: हॉवरक्राफ्टचं नाव नका काढू. नव्वदच्या दशकात आपल्याकडेही आलं होतं. आमच्या साहेबांनी कौतुकाने बसवलं. उतरल्यावर बायको काय बोलतेय ते संध्याकाळपर्यंत कळेना.

पंखेवाला_ठाणे: हा पुरावा झाला?

सीवूड्स_निवृत्त: तुमच्या पुराव्यापेक्षा माझे कान खरे. शिवाय खाडीचा हा भाग २०२२पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा आहे. रोहित पक्ष्यांना पंखे ऐकवणार?

दिवाळे_कोळीवाडा: पक्ष्यांची काळजी सगळ्यांना! आमच्याकडे जेट्टीवर पाटी लागली, दिवे लागले, बोट नाही. चिंबोऱ्या पकडणारी माझी आई त्याच चिखलात गुडघ्यापर्यंत रुतून चालते. तिच्यासाठी कोणी गादी काढली का?

खाडीकर_ऐरोली: विषय बार्जचा आहे, दादा.

दिवाळे_कोळीवाडा: चिखल आमचा आहे, दादा.

पंखेवाला_ठाणे: बरं, चढाला विंच घ्या, मिळालं समाधान? पण सपाट पाण्यावर पंखा चालेल.

खाडीकर_ऐरोली: आणि जूनचा वारा आडवा आला की? गादीवरच्या बार्जची पाण्यात पकडच नसते, सरकत थेट खारफुटीत घुसेल. दोन्ही बाजूंनी दोर हवेतच. हां, किनाऱ्यावर नांगर नीट रोवला तर चिखलाच्या पट्ट्यात टगची गरज नाही, एवढं कोळीदादांचं मान्य.

दिवाळे_कोळीवाडा: उपकार झाले. आता तारेची भरपाई किती, ते बोला.

सीवूड्स_निवृत्त: आणि आवाजाची?