बलाढ्य देशाने बाहेर सैन्य धाडलं तर इतरांनी करायचं काय? सुएझ १९५६ आणि अफगाणिस्तान १९८०

वादपटू_सांगली

आंतरमहाविद्यालयीन वादविवाद स्पर्धेला विषय आलाय: 'बलाढ्य राष्ट्राने परक्या देशात सैन्य घुसवल्यास आर्थिक निर्बंध हाच इतरांपुढचा सर्वांत परिणामकारक मार्ग आहे.' मुलांना दोन्ही बाजू तयार ठेवायच्या आहेत. अनुकूल बाजूला सुएझ सापडलं (१९५६ मध्ये ब्रिटन, फ्रान्स आणि इस्रायलने इजिप्तमध्ये घुसवलेलं सैन्य), प्रतिकूल बाजूला अफगाणिस्तान (डिसेंबर १९७९ मध्ये तिथे शिरलेलं सोव्हिएत सैन्य). दोन्हीकडे दाब टाकणारी अमेरिकाच. मग एकदा सात आठवड्यांत सैन्य परत जातं आणि दुसऱ्यांदा नऊ वर्षं हलत नाही, असं का? दुसरं, संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत नकाराधिकार वापरल्यावर विषय आमसभेत नेमका जातो कसा? आणि 'भारताने काय केलं?' हा प्रश्न परीक्षक विचारणारच, त्याला काय उत्तर द्यायचं?

गंगाजळी

पहिली दुरुस्ती मुलांच्या टिपणातच करा. सुएझच्या वेळी अमेरिकेने ब्रिटनवर निर्बंध लादलेच नव्हते. मदत रोखून धरली, एवढंच. पण निकाल त्यानेच लागला.

तेव्हा पौंडाचा दर २.८० डॉलरला बांधलेला होता. तो टिकवायचा तर लोक पौंड विकायला लागले की बँक ऑफ इंग्लंडने डॉलर देऊन ते विकत घ्यायचे. म्हणजे डॉलरची गंगाजळी हाच सगळा आधार. २ अब्ज डॉलर ही तिची मनातली लक्ष्मणरेषा मानली जायची. त्याखाली गेली की अवमूल्यन होणार अशी बाजाराची समजूत. २९ ऑक्टोबरला इस्रायल इजिप्तच्या सिनाईत शिरला, ५ नोव्हेंबरला ब्रिटिश-फ्रेंच छत्रीधारी सैनिक पोर्ट सईदला उतरले आणि त्या एका नोव्हेंबरात ब्रिटनचे सुमारे २७.९ कोटी डॉलर गेले. महिनाअखेर गंगाजळी २ अब्जांच्या खाली.

यावर उपाय होता आंतरराष्ट्रीय नाणेनिधीतून उचल घेण्याचा. तिथे अमेरिकेचा शब्द चालायचा आणि अमेरिकेचं म्हणणं एकच: आधी माघार. वर तेलाची कोंडी. इजिप्तचे अध्यक्ष नासर यांनी जहाजं बुडवून सुएझ कालवा बंद केलेला, सीरियातून येणाऱ्या तेलवाहिनीची पंपिंग स्टेशनं उडवलेली. पर्यायी तेल अमेरिका खंडातून आणायचं तर त्यालाही डॉलरच हवेत! १७ डिसेंबरपासून ब्रिटनमध्ये पेट्रोलचं रेशनिंग सुरू झालं. नाक दाबलं की तोंड उघडतं ते असं.

आता तारखा बघा. ३ डिसेंबरला परराष्ट्रमंत्री सेल्विन लॉइड यांनी संसदेत माघार जाहीर केली. १० डिसेंबरला नाणेनिधीने ५६ कोटी डॉलरची उचल आणि आणखी ७४ कोटींची हमी मंजूर केली. २२ डिसेंबरला शेवटचा सैनिक निघाला. अट स्पष्ट होती आणि ती पाळल्यावर मोबदला आठवड्याभरात हातात पडला.

प्रतिकूल बाजूच्या मुलांसाठी एक बारकावा. फ्रान्सने ऑक्टोबरमध्येच नाणेनिधीकडून २६.२५ कोटी डॉलरची सोय करून ठेवली होती, त्यामुळे त्याच्यावर हा दाब जवळपास चाललाच नाही. ब्रिटन निघाल्यावर एकट्याने थांबण्यात अर्थ नव्हता म्हणून तो निघाला. दाब चालतो तो गरजू असेल त्यावरच.

ठराव_क्रमांक

आमसभेच्या वाटेबद्दल. ३ नोव्हेंबर १९५० चा ठराव ३७७ (अ), 'शांततेसाठी एकजूट' या नावाने ओळखला जातो. सुरक्षा परिषद नकाराधिकारामुळे अडली तर २४ तासांत आमसभेचं तातडीचं विशेष अधिवेशन बोलावता येतं. गंमत अशी की अधिवेशन बोलावण्याचा प्रस्ताव 'कार्यपद्धतीचा' धरतात, त्यामुळे त्याला नकाराधिकार लागू होत नाही. तेव्हा ११ पैकी ७ मतं लागायची, आता १५ पैकी ९ लागतात. परिषदेने नाही केलं तर बहुसंख्य सदस्यदेश मिळूनही अधिवेशन मागू शकतात. आमसभेत ठराव पास व्हायला दोन तृतीयांश लागतात. तटस्थ राहिलेले मोजत नाहीत. मुलं हमखास इथे चुकतात आणि तटस्थांना 'विरोधात' मोजून बसतात.

३० ऑक्टोबर १९५६ ला ब्रिटन-फ्रान्सने नकाराधिकार वापरला, दुसऱ्या दिवशी हीच वाट पहिल्यांदा वापरली गेली आणि २ नोव्हेंबरला ठराव ९९७ पास झाला: बाजूने ६४, विरोधात ५, तटस्थ ६. विरोधातले पाच म्हणजे ब्रिटन, फ्रान्स, इस्रायल, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड.

आमसभेचा ठराव बंधनकारक नसतो, ती शिफारस. म्हणून 'ठरावामुळे सैन्य गेलं' असं वाक्य भाषणात नको. ठरावाने परत जायची वाट काढून दिली, हे म्हणा. कॅनडाच्या लेस्टर पिअर्सननी आणीबाणी दलाची कल्पना मांडली: दोन्ही सैन्यांच्या मध्ये संयुक्त राष्ट्रांची माणसं उभी राहतील, म्हणजे ब्रिटनला 'आम्ही पळालो नाही, जबाबदारी सोपवली' असं घरी सांगता येईल. १० देशांचं मिळून सुमारे ६,००० चं दल. भारत त्यात होता. पण दल उभं राहतं ते यजमान देशाच्या परवानगीवर. कॅनडाने 'क्वीन्स ओन रायफल्स' ही पलटण निवडली तर नासरने हरकत घेतली, कारण नावात राणी आणि अंगावर ब्रिटिशांसारखाच गणवेश! शेवटी कॅनडाने पायदळाऐवजी पुरवठा आणि दळणवळणाच्या तुकड्या दिल्या. आणि मे १९६७ मध्ये नासरने 'निघा' म्हटल्यावर दल निघालं. जूनमध्ये युद्ध झालं.

याच आठवड्यात, ४ नोव्हेंबरला, सोव्हिएत रणगाडे बुडापेस्टमध्ये शिरले. तीच वाट, तसंच तातडीचं अधिवेशन, ठराव पास. रणगाडे जागचे हलले नाहीत, सुमारे दोन लाख हंगेरियन देश सोडून गेले. मॉस्कोला ना नाणेनिधीची उचल हवी होती ना कुणाचं तेल. प्रतिकूल बाजूला यापेक्षा चांगलं उदाहरण मिळायचं नाही: संस्था तीच, महिना तोच, निकाल उलटा.

दाणेबाजार

अफगाणिस्तानचं मी सांगतो, कारण 'कार्टरची धान्यबंदी' (कार्टर म्हणजे तेव्हाचे अमेरिकेचे अध्यक्ष) हे शब्द सगळे फेकतात पण आकडे कोणी बघत नाही.

१९७५ च्या करारानुसार सोव्हिएत युनियनला अमेरिकेकडून वर्षाला ८० लाख टनांपर्यंत धान्य विनापरवाना घेता यायचं. १९७९-८० साठी अमेरिकेने एकूण अडीच कोटी टनांची मुभा दिली होती. ४ जानेवारी १९८० ला कार्टरनी त्यातले वरचे १.७ कोटी टन रोखले. कराराचे ८० लाख चालूच राहिले. म्हणजे ही बंदी पहिल्या दिवसापासून अर्धवट.

शिवाय हे धान्य मुख्यत: जनावरांच्या खाद्यासाठी होतं. भाकरीचा प्रश्नच नव्हता, ओरड झाली असती तर मांसाची. आणि मका-गहू ही जगात कुठेही मिळणारी वस्तू. अर्जेंटिनाने बंदीत सामील व्हायला नकार दिला, सोव्हिएतांनी चढा भाव देऊन त्यांच्याकडून माल उचलला आणि अर्जेंटिनाची नेहमीची गिऱ्हाइकं अमेरिकेकडे वळली. बाजारात माल फक्त फिरला. मार बसला तो भावाचा, तोही थोडा. उलट अमेरिकेतच शेतकरी चिडले. त्यांना दिलेलं आश्वासन पाळत पुढचे अध्यक्ष रेगन यांनी २४ एप्रिल १९८१ ला बंदी उठवली, तेव्हा सोव्हिएत सैन्य काबूलमध्येच होतं. अट पुरी न होता दाब काढला की पुढच्या वेळी तुमच्या धमकीला कोण भीक घालतो?

अमेरिकेने पुकारलेल्या १९८० च्या मॉस्को ऑलिंपिकवरच्या बहिष्काराचीही तीच तऱ्हा. ब्रिटनच्या सरकारचा विरोध असूनही ब्रिटिश खेळाडू मॉस्कोला गेलेच. भारतही गेला आणि हॉकीचं सुवर्ण घेऊन आला.

सैन्य शेवटी गेलं ते १५ फेब्रुवारी १९८९ ला, सुमारे १५,००० सोव्हिएत सैनिक मेल्यावर आणि मॉस्कोत गोर्बाचेव्ह आल्यावर. पाकिस्तानमार्गे आलेल्या शस्त्रांनी किंमत वाढवली हे खरं, १९८६ पासून विमानविरोधी स्टिंगर क्षेपणास्त्रंही त्यात होती. पण 'शस्त्रं द्या' हा मार्ग सुचवणाऱ्याला लगेच विचारा की ती शस्त्रं नंतर कोणाच्या हातात राहिली.

मांडवीकाठ

भारताच्या प्रश्नावर मुलांना आडवळणाने उत्तर द्यायला शिकवू नका. १९५६ मध्ये सुएझवर भारत ठामपणे इजिप्तच्या बाजूने होता, हंगेरीच्या ४ नोव्हेंबरच्या ठरावावर तटस्थ, आणि ९ नोव्हेंबरच्या, संयुक्त राष्ट्रांच्या देखरेखीखाली निवडणुका मागणाऱ्या ठरावाच्या चक्क विरोधात. १९८० मध्ये अफगाणिस्तानच्या ठरावावर (१०४ बाजूने, १८ विरोधात, १८ तटस्थ) तटस्थ. २ मार्च २०२२ ला युक्रेनवर (१४१, ५, ३५) तटस्थ. हा एकाच तागडीने तोललेला हिशेब नाही, हे मान्य करून पुढे बोललेलं बरं.

आणि समोरचा संघ हुशार असेल तर गोवा काढेल. १८ डिसेंबर १९६१ ला सुरक्षा परिषदेत भारताने सैन्य मागे घ्यावं असा अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स आणि तुर्कस्तानचा ठराव आला. ७ विरुद्ध ४. तेव्हा ७ मतं पुरेशी होती, म्हणजे ठराव पडला तो केवळ सोव्हिएत नकाराधिकाराने. सिलोन, लायबेरिया आणि संयुक्त अरब प्रजासत्ताक (म्हणजे तेव्हाचा इजिप्त) यांनीही विरोधात मत दिलं. पण मग पाश्चात्त्यांनी विषय आमसभेत नेला नाही, कारण नुकत्याच स्वतंत्र झालेल्या आफ्रिकी-आशियाई देशांपुढे दोन तृतीयांश जमणं कठीण होतं.

कायद्याच्या अंगाने उत्तर असं द्या: १५ डिसेंबर १९६० च्या ठराव १५४२ ने आमसभेने गोवा हा पोर्तुगालचा प्रांत नसून 'अस्वशासित प्रदेश' आहे असं आधीच नोंदवलं होतं. पोर्तुगालला नाटोचाही उपयोग नव्हता. त्या कराराचं सहावं कलम संरक्षणाचा भूगोल ठरवतं आणि गोवा त्यात बसत नाही. हा युक्तिवाद मजबूत आहे, पण दुसऱ्या देशाविरुद्ध बळ वापरायला मनाई करणाऱ्या, संयुक्त राष्ट्रांच्या सनदेच्या कलम २(४) मधून तो पूर्ण सुटका देत नाही. परीक्षकाला ते माहीत असतं.

वादपटू_सांगली

सगळ्यांचे आभार, टिपणं नव्याने लिहायला घेतली. एक शंका: २०२२ नंतरच्या रशियावरच्या निर्बंधांना कुठे बसवायचं? सुएझच्या रांगेत की धान्यबंदीच्या?

गंगाजळी

दोन तुकडे करा. रशियाच्या मध्यवर्ती बँकेचे सुमारे ३०० अब्ज डॉलर गोठवले, तो सुएझच्या जातीचा वार: पैसा ज्यांच्या तिजोरीत होता त्यांनीच तो धरून ठेवला, तिसऱ्या कुणाकडून मिळवायची सोय नाही. तरी ब्रिटनसारखं झालं नाही, कारण तेलाचे पैसे रोज आत येत राहिले आणि रूबल बांधलेल्या दराचा नव्हता.

रशियन तेलावरची पिंपामागे ६० डॉलरची कमाल किंमत (५ डिसेंबर २०२२ ला लागू झालेली) ही धान्यबंदीची धाकटी बहीण. त्यापेक्षा चढ्या भावाच्या तेलाला पाश्चात्त्य विमा आणि जहाजसेवा द्यायची नाही, एवढीच मेख होती. रशियाने जुनी टँकर जहाजं गोळा करून त्या विम्याची गरजच कमी केली. गिऱ्हाईकही होतंच, भारताच्या कच्च्या तेलाच्या आयातीत रशियाचा वाटा २ टक्क्यांच्या आतून एक तृतीयांशापर्यंत गेला. अर्जेंटिनाची जागा या खेपेला आपण घेतली, हे प्रतिकूल बाजूचा वक्ता म्हणणार. अनुकूल बाजूने त्यावर म्हणावं की कमाल किमतीचा हेतू तेल थांबवणं नव्हताच. तेल वाहतं ठेवून रशियाचा नफा कापायचा होता, आणि सवलतीने विकावं लागलं तेवढा तो कापला गेला.

ठराव_क्रमांक

एक राहिलं. 'त्या देशाच्या सरकारनेच बोलावलं' हा बचाव हमखास येतो, त्याची तयारी ठेवा. सोव्हिएतांनी काबूलबाबत हेच सांगितलं होतं. प्रतिप्रश्न एवढाच: २७ डिसेंबर १९७९ ला राष्ट्रप्रमुख हाफिजुल्ला अमीन सोव्हिएत सैनिकांच्याच हल्ल्यात मारले गेले आणि त्यांच्या जागी बबराक कारमल बसवले गेले. मग बोलावलं कोणी? यावर समोरचा वक्ता सनदेच्या कलम ५१ कडे वळेल. ते कलम सशस्त्र हल्ला झाल्यावरच्या संरक्षणाचं आहे, तेव्हा हल्ला कोणी केला होता हे त्याला नावानिशी सांगायला लावा.