गेममधला तुमचा फुसका बार कोणता?

परवा डेक्कनला चहाच्या टपरीवर मित्राशी वाद झाला. त्याच्या मते 'रेड डेड रिडेम्प्शन २'सारखा गेम झाला नाही, होणे नाही. मी म्हटलं, बाबा रे, दीडशे जीबी उतरवून घेतला, तीन तास बर्फात घोडा हाकला आणि तिथेच डोळा लागला. तेव्हापासून तो माझ्याशी धड बोलत नाहीये.

तर मंडळी, लिहा. कशाचा गाजावाजा ऐकून उडी मारलीत आणि हाती काय आलं? उलटं असेल तर तेही चालेल. अट एकच, खेळून लिहा. ट्रेलर बघून मत ठोकणारे कट्ट्यावर पुष्कळ भेटतात.

कसबा पेठकर

सगळ्यात मोठा फुसका बार म्हणजे '९९९९९ इन १'ची कॅसेट. १९९६ सालची मे महिन्याची सुट्टी. वडिलांना ओढत तपकीर गल्लीत नेलं. दुकानदार म्हणाला, "घेऊन जा, जन्मभर पुरेल." घरी येऊन टीव्ही गेमला लावली. पहिल्या पानावर मारिओ, कॉन्ट्रा, बदकं मारायचा, रणगाड्यांचा. पुढच्या पानावर पुन्हा मारिओ, फक्त तिसऱ्या लेव्हलपासून. त्याच्या पुढच्या पानावर कॉन्ट्रा, पण बंदूक आधीच हातात. धाकट्या भावाला चेव आला, त्याने वहीत नोंद करायला घेतली. चार दिवस पानं उलटून वेगळे असे गेम निघाले सोळा. वडील बँकेत. चष्मा वर करून एवढंच म्हणाले, "मग उरलेले नव्व्याण्णव हजार नऊशे त्र्याऐंशी गेले कुठे?"

पण त्या सोळांतल्या एकट्या कॉन्ट्रावर आम्ही दोघांनी चार सुट्ट्या काढल्या. दुकानदार अगदीच खोटं बोलला नव्हता, असं आता वाटतं.

वारज्याचा पीएस ४वाला

'सायबरपंक २०७७'. पहिला ट्रेलर जानेवारी २०१३ मध्ये आला तेव्हा मी अकरावीत. गेम आला डिसेंबर २०२० मध्ये, तोवर मी नोकरीला लागून घरून काम करत होतो. माझा पीएस ४ (सोनीचा टीव्हीला जोडायचा गेमचा डबा) अगदी पहिला, साधा. गाडी पुढे जायची आणि रस्ता मागाहून यायचा. माणसं समोर हवेतून उगवायची. आई मागे उभी राहून बघत होती, म्हणाली, "कात्रजच्या घाटात धुकं असलं की असंच होतं."

आठवडाभरात सोनीने तो आपल्या ऑनलाइन दुकानातून काढला, परत ठेवला थेट जून २०२१ मध्ये. हल्ली लोक सांगतात, अरे, आता बघ, २.० अपडेटनंतर सोनं झालंय. झालंय खरं, मित्राच्या पीसीवर मी तासन्‌तास खेळलोय. पण सप्टेंबर २०२३ चं ते अपडेट पीएस ४साठी आलंच नाही. ज्यांनी पहिल्या दिवशी पैसे मोजले, त्यांच्या ताटात शिळंच राहिलं.

सिंहगड रोडवरची एक आई

मी खेळत नाही, पण सोसलंय. सप्टेंबर २०२० मध्ये पबजीवर बंदी आली आणि आमच्या चिरंजीवांना जेवण गोड लागेना. दोनच दिवसांत 'फौ-जी' या देशी गेमची घोषणा झाली. तेव्हापासून रोज तेच पुराण. २६ जानेवारी २०२१ ला गेम आला. सोसायटीतलं झेंडावंदन उरकून चौघं मित्र आमच्याकडे फोन घेऊन बसले, मी पोहे टाकले. मग कळलं की चौघांना मिळून खेळायची सोयच नाही! ज्याने त्याने आपापल्या गलवान खोऱ्यात एकट्याने हाणामारी करायची. पोह्यांच्या बशा रिकाम्या होईपर्यंत कॅरम खाली आला होता. गेम बनवणाऱ्यांचे मी आभारच मानते.

धागाकर्ता

ताई, पोह्यांची पाककृती वेगळ्या धाग्यात टाका.

पाषाणची वाचक

'नो मॅन्स स्काय', २०१६. अठरावर अठरा शून्यं एवढे ग्रह म्हणे. मी सात पाहिले, सातांवर दगड फोडले. पुढे फुकट अपडेट देऊन त्यांनी फार सुधारलाय, पण माझी उमेद दगडातच गेली.

औंधवासी

माझं दुःख घरचं आहे. 'प्रिन्स ऑफ पर्शिया: सँड्स ऑफ टाइम' हा माझ्या कॉलेजच्या दिवसांतला लाडका गेम. २०२० मध्ये कळलं की तो नव्याने येतोय आणि काम पुण्या-मुंबईतल्या स्टुडिओंकडे आहे. पेढे वाटायचेच बाकी होते. ट्रेलर आला, राजपुत्राच्या चेहऱ्याची जगभर टिंगल झाली, तारखा पुढे पुढे गेल्या आणि मे २०२२ मध्ये काम मॉन्ट्रियलला गेलं. २००३ चा मूळ गेम तिथलाच.

आणि गंमत बघा, त्याच २०२० मध्ये पुण्यातल्याच नॉडिंग हेड्स या स्टुडिओचा 'राजी' आला. किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या साइटवर त्यांना हवे तेवढे पैसेही जमले नव्हते. हरवलेल्या भावाला शोधणारी डोंबारी मुलगी, राजस्थानी महाल, सावल्यांच्या बाहुल्यांतून सांगितलेली गोष्ट. दोष आहेत. मारामारी अडखळते, पाच-सहा तासांत खेळ आटोपतो आणि शेवट कोणीतरी मधेच दिवे घालवल्यासारखा. पण आठवीतल्या भाचीने तो दोनदा संपवला, आणि हा पुण्यात बनलाय हे तिला दुसऱ्यांदा संपवल्यावर सांगितलं.

हिंजवडी फेज ३

'जीटीए ६'बद्दल खेळल्याशिवाय लिहायचं नाही, म्हणून गप्प आहे. गेम कधी येणार, तर आधी २०२५ म्हणाले, मग मे २०२६, मग नोव्हेंबर. ऑफिसात पैज लागलीय, आधी गेम येतो की आमची मेट्रो. हरणाऱ्याने सगळ्या टीमला मिसळ द्यायची. मी मेट्रोवर पैसे लावलेत, आणि आता झोप लागत नाही.